कादंबरीतील प्रीती आणि रुपेरी पडदा

कादंबरीतील प्रीती पडद्यावर उतरते, तेव्हा लेखकाचे निवेदन हरपते. त्याची जागा कशाने भरावी, हा दिग्दर्शकापुढील खरा प्रश्न असतो. गो. नी. दांडेकरांच्या ‘जैत रे जैत’ या कादंबरीवर जब्बार पटेल यांनी १९७७ साली चित्रपट काढला, त्यात ही जागा ना. धों. महानोरांच्या गीतांनी व हृदयनाथ मंगेशकरांच्या संगीताने भरली. ठाकरवाडीतील नाग्याचा ध्यास आणि चिंधीचे धीट प्रेम संवादांहूनही समूहगानात व ढोलाच्या घुमण्यात अधिक प्रकटते. अखेर डोंगरावरील राणीमाशीवर विजय मिळतो, परंतु चिंधी जाते. ‘जैत’ म्हणजे जय; त्या जयघोषातच विलाप मिसळतो. राष्ट्रीय पुरस्कारांत हा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला. मूळ कृतीचे दुःख नव्या माध्यमात पुन्हा जागे झाले, म्हणजे रूपांतर सफल झाले असे समजावे.