बियाण्याचा अक्षांश : थंड प्रदेशातील भांगेची शेती आणि दिनमानाचा हिशेब

औद्योगिक भांग अर्थात हेम्प या पिकाविषयीचे कुतूहल आपल्याकडे वाढते आहे. धाग्यासाठी व बियांसाठी या पिकाच्या लागवडीला परवाना देणारे उत्तराखंड हे 2018 मध्ये देशातील पहिले राज्य ठरले. 2021 मध्ये भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने भांगेचे बी, त्याचे तेल व पीठ यांना अन्नपदार्थ म्हणून मान्यता दिली. जानेवारी 2025 मध्ये हिमाचल प्रदेश शासनाने पालमपूर व नौणी येथील विद्यापीठांमार्फत नियंत्रित लागवडीच्या पथदर्शी अभ्यासास मंजुरी दिली. या घडामोडींमुळे एक प्रश्न साहजिकच पुढे येतो. युरोपातील थंड प्रदेशांत उघड्या शेतात, थेट बी पेरून हे पीक यशस्वीपणे घेतले जाते; मग तेच बियाणे आणून येथे पेरले तर काय बिघडले? या प्रश्नाचे उत्तर मातीत किंवा खतात सापडत नाही. ते दिवसाच्या लांबीत दडलेले आहे.

नावांचा घोळ आणि कायद्याची चौकट

इंग्रजीत ‘हेम्प’ या शब्दाने अनेक तंतुपिके ओळखली जातात. आपला ताग ‘सन हेम्प’ म्हणवला जातो आणि अंबाडी ‘डेक्कन हेम्प’ किंवा ‘बॉम्बे हेम्प’. या दोन्ही वनस्पतींचा भांगेशी काहीही संबंध नाही. ताग शिंबावर्गीय, तर अंबाडी भेंडी-कापसाच्या कुळातील आहे. प्रस्तुत लेखात विचार केला आहे तो कॅनाबिस सॅटायव्हा या वनस्पतीचा.

अमली औषधीद्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, 1985 नुसार या झाडाची परवान्याविना लागवड केल्यास दहा वर्षांपर्यंत सश्रम कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. धागा, बी किंवा उद्यानविद्याविषयक उपयोगासाठी शासन विशेष आदेशाने लागवडीची मुभा देऊ शकते. अशा परवान्याविना प्रयोग म्हणूनही हे पीक घेता येत नाही, हे शेतकरी बांधवांनी आरंभीच ध्यानात घ्यावे.

दिवस मोजणारे झाड

वनस्पती दिवसाची लांबी ओळखून फुलतात, या शोधाचे श्रेय सामान्यतः गार्नर व अॅलार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांच्या 1920 मधील तंबाखू व सोयाबीनवरील कामाला दिले जाते. तथापि त्यापूर्वीच, 1912 च्या सुमारास, ज्यूलियाँ तुर्न्वा या तरुण फ्रेंच शास्त्रज्ञाने हॉप व भांग या दोन वनस्पतींवर हीच गोष्ट टिपली होती. हिवाळ्यात काचगृहात पेरलेली भांग अत्यंत लहान असतानाच फुलते, असे त्याला आढळले. पहिल्या महायुद्धात तो मारला गेल्याने ते काम अपुरे राहिले.

भांग हे लहान दिवसाचे झाड आहे. दिनमान एका ठरावीक मर्यादेखाली उतरले, की त्याची कायिक वाढ मंदावून फुलोरा सुरू होतो. बहुतेक वाणांत ही मर्यादा 13 ते 15 तासांच्या दरम्यान असते. आपल्या शेतकऱ्यांना हे तत्त्व अपरिचित नाही. सोयाबीनही लहान दिवसाचे पीक आहे. उत्तर अमेरिकेतील थंड भागाचे वाण महाराष्ट्रात आणले, तर गुडघ्याएवढे होण्याआधीच फुलावर येईल. कांद्याचे गणित याच्या उलट आहे. पहाडी मुलखातील लांब दिवसाच्या कांद्याला नाशिकच्या रब्बी हंगामात पुरेसा मोठा दिवस मिळत नाही आणि गड्डा धरत नाही.

आता अक्षांशांची तुलना करू. मी राहतो त्या चेन्नईत 21 जूनचा दिवसही 13 तासांपेक्षा किंचित लहान असतो. नाशिक परिसरात तो सुमारे सव्वातेरा तास, अल्मोड्यात 14 तासांच्या थोडा वर, तर फिनलंडमधील कुओपिओ येथे सुमारे 20 तास असतो. याचा अर्थ असा, की 14 तासांची मर्यादा असलेले वाण चेन्नईत वर्षभरात केव्हाही पेरले तरी रोपावस्था संपताच फुलू लागेल. धाग्यासाठी लागणारे उंच, सरळ खोड त्याला येणारच नाही.

उत्तरेकडील शेतकऱ्याची अडचण

थंड प्रदेशात अडचण नेमकी विरुद्ध टोकाची असते. कुओपिओच्या अक्षांशावर दिवस 14 तासांपर्यंत उतरायला ऑगस्ट संपतो. तोवर झाड उंच वाढत राहते. फुलोरा सप्टेंबरमध्ये आला, तर बी भरण्यास आणखी पाच-सहा आठवडे लागतात आणि तोपर्यंत कडक दहिवर पीक मारून टाकते. धाग्यासाठी हे चालते, किंबहुना फायद्याचे ठरते. कारण फुलोरा लांबल्याने खोड वाढते. बियांसाठी मात्र असे वाण निरुपयोगी असते.

फिनलंडमध्ये विकसित झालेल्या ‘फिनोला’ या वाणाने हा पेच सोडवला. त्याची पूर्वपीठिका सेंट पीटर्सबर्ग येथील वाविलोव्ह संस्थेच्या जननद्रव्य संग्रहात सापडते. हे बुटके वाण दिनमानाची फारशी पर्वा न करता वयाप्रमाणे फुलते आणि सुमारे चार महिन्यांच्या आत पक्व होते. रशियात आपोआप उगवणाऱ्या अशाच लवकर फुलणाऱ्या बुटक्या भांगेचे वर्णन यानिशेव्हस्की या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1924 मध्ये ‘रुडेरालिस’ या नावाने केले होते.

लागवडीचे बाकीचे तंत्र तुलनेने सोपे आहे. जमिनीचे तापमान 8 ते 10 अंश सेल्सिअस झाल्यावर दोन-तीन सेंटिमीटर खोलीवर पेरणी करतात. रोपे हलके दहिवर सोसतात, परंतु साचलेले पाणी मुळीच सोसत नाहीत. धाग्यासाठी दाट, तर बियांसाठी विरळ पेरणी करतात. सर्व बी एकाच वेळी पिकत नसल्याने साधारण 70 टक्के दाणे पक्व होताच कापणी करावी लागते. उशीर झाल्यास दाणे झडतात व पक्षी उरलेले टिपतात. तेलाचे प्रमाण सुमारे 30 टक्के असल्याने बियाणे उष्ण, दमट साठवणीत लवकर खवट होते आणि त्याची उगवणशक्तीही घटते.

हिमालयाचे स्वतःचे बियाणे

आपल्या देशात या पिकाला अनुकूल थंड हवामान हिमालयाच्या उतारांवर आहे आणि तेथे हे पीक नवे नाही. कुमाऊँ-गढवालमध्ये भांगेच्या बियांची चटणी आजही जेवणात असते. सालीच्या धाग्यापासून पूर्वी ‘भांगेला’ नावाचे जाडेभरडे कापड विणले जाई. कुलूकडील ‘पूला’ ही पादत्राणेही याच धाग्याची. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ईस्ट इंडिया कंपनी कुमाऊँतून हा धागा खरेदी करीत असे. तेथील देशी भांग उन्हाळ्याच्या अखेरीस पेरली जाते, पावसाळ्यात वाढते, दिवस लहान होऊ लागताच फुलते आणि पाऊस ओसरल्यावर शरदाच्या कोरड्या उन्हात तिचे बी पिकते. शेकडो वर्षे त्याच उतारांवर राखलेल्या बियाण्यात तेथील दिनमान आणि पाऊस यांचा मेळ बसलेला आहे.

दक्षिणेतही स्थानिक वाणे होती. 1893-94 च्या भारतीय भांग आयोगाच्या अहवालात अहमदनगर जिल्हा, निमाडातील खांडवा आणि उत्तर अर्काटमधील जवाधू डोंगर यांचा लागवडीचे प्रदेश म्हणून उल्लेख आहे. ती लागवड अमली पदार्थासाठी होती, म्हणून आज ती अनुकरणीय नाही. परंतु एकाच वनस्पतीने अक्षांशागणिक वेगवेगळे वेळापत्रक अंगीकारले होते, याची ती साक्ष देते.

अशा ठिकाणी युरोपीय वाण पेरले तर काय होईल? अल्मोड्यात दिवस जेमतेम 14 तासांवर जातो. लांब दिवसांना सरावलेले झाड तेथे अकाली फुलेल, बुटके राहील आणि त्याचे कणीस ऐन पावसाळ्यात भरेल. ओल्या कणसावर करड्या बुरशीचा प्रादुर्भाव होण्याचा धोका अशा वेळी सर्वाधिक असतो.

कीटकही दिवस मोजतात

कीटकशास्त्राच्या दृष्टीने या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. वनस्पतींनंतर अल्पावधीतच, 1920 च्या दशकाच्या पूर्वार्धात, मार्कोविच यांनी मावा किडीतही दिनमानाचा प्रभाव दाखवून दिला. मक्याप्रमाणेच भांगेचेही खोड पोखरणारी युरोपीय अळी शरदात दिवस लहान होताच खोडातच सुप्तावस्थेत जाते. भांगेवरील विशिष्ट अळी, ग्राफोलिटा डेलिनिएना, हीसुद्धा खोडात हिवाळा काढते. केवळ भांगेवरच जगणारा मावा थंड प्रदेशात उघड्यावर अंड्यांच्या रूपाने हिवाळा पार करतो. आपल्याकडील शेंदरी बोंडअळी कापसाच्या शेवटच्या बोंडांत सुप्त राहते आणि म्हणूनच फरदड घेऊ नये असे सांगितले जाते. तोच न्याय येथे लागू पडतो. कापणीनंतर धसकटे व अवशेष शेतात राहू न देणे हा थंड प्रदेशातील भांगेच्या कीड व्यवस्थापनाचा पाया आहे.

पीक आणि कीड या दोघांची घड्याळे एकाच भूमीवर दीर्घकाळ सोबत चालली, की त्यांच्यात एक प्रकारचा समतोल येतो. परक्या बियाण्यामुळे फुलोरा दोन महिने अलीकडे सरकला, तर नाजूक कणीस घाटेअळीसारख्या बहुभक्षी किडींपुढे वेगळ्याच वेळी उघडे पडते.

परागाची बाबही महत्त्वाची आहे. भांगेचे परागण वाऱ्याने होते आणि तिच्या फुलांत मधुरस नसतो. तरी नर फुलांवर मधमाश्या परागासाठी गर्दी करतात. अमेरिकेतील कोलोरॅडो येथील 2019 मध्ये प्रकाशित अभ्यासात हेम्पच्या शेतात मधमाश्यांच्या 23 प्रजाती-गटांची नोंद झाली. म्हणून फुलोऱ्याच्या काळात रासायनिक फवारणी टाळणे हे या पिकातही आवश्यक ठरते.

0.3 टक्क्यांची रेषा

परवान्याच्या शेतीत टीएचसी या मादक घटकाचे प्रमाण 0.3 टक्क्यांपेक्षा अधिक असू नये, अशी अट असते. 1976 मध्ये स्मॉल व क्रॉनक्विस्ट यांनी वनस्पतीच्या वर्गीकरणासाठी ही रेषा आखली होती. पुढे तीच अनेक देशांच्या कायद्यात उतरली. हिमालयातील देशी झाडे बहुधा या रेषेच्या वर जातात. म्हणून डोंगरी शेतकऱ्याला आपले राखलेले बी सोडून बाहेरचे बी घ्यावे लागते.

येथेच खरा पेच निर्माण होतो. या झाडात नर व मादी वेगवेगळे असतात आणि पराग वाऱ्याबरोबर दूरवर जातो. ज्या उतारांवर रानभांग बांधाबांधाला उगवते, तेथे कमी टीएचसीच्या शेतावर रानातला पराग येणारच. त्या शेतातले बी शेतकऱ्याने पुढच्या वर्षी पेरले, तर पीक मर्यादेबाहेर जाण्याचा संभव असतो. दरवर्षी बियाणे विकत घेणे आणि तरीही फौजदारी कारवाईची टांगती तलवार, असा दुहेरी भार अल्पभूधारकावर पडतो.

पुढील दिशा

यावर टिकाऊ उपाय एकच दिसतो. देशी वाणांचा संग्रह करून त्यांतून कमी टीएचसीची झाडे त्याच अक्षांशावर, त्याच उंचीवर पिढ्यान्‌पिढ्या निवडत जाणे. त्यासाठी पराग अडवणारी विलगीकरणाची व्यवस्था, फुलोऱ्याच्या तारखांची काटेकोर नोंद आणि किडींचे हंगामवार सर्वेक्षण ही तिन्ही कामे एकत्र चालावी लागतील. हे काम सार्वजनिक संशोधन संस्थांनीच हाती घेण्याजोगे आहे, कारण त्याचे फळ मिळण्यास दहा-पंधरा वर्षे लागतात.

तोपर्यंत कोणी परदेशी बियाण्याचे पाकीट दाखवून मोठ्या उत्पन्नाची ग्वाही दिली, तर महाराष्ट्रातील शेतकरी बांधवांनी तीन प्रश्न अवश्य विचारावेत : शासनाचा लेखी परवाना कोठे आहे, हे वाण कोणत्या अक्षांशावर तयार झाले आणि ते किती तासांच्या दिवसाला फुलते? पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही, तर उरलेले दोन विचारण्याचीही गरज नाही. पहिल्याचे मिळूनही पुढील दोहोंची उत्तरे विक्रेत्याला देता आली नाहीत, तर ते बियाणे आपल्या शेतासाठी नाही, असे समजावे.