मरणाचं बोलणं जात्यापाशी

सातारा तालुक्यातल्या एका गावात, सोप्यात जातं मांडलं होतं. सत्तरी ओलांडलेल्या चौघीजणी जमल्या होत्या. त्यांतल्या थोरल्या आक्कांनी मूठभर जोंधळे घातले, खुंट्याला हात लावला आणि समोर दुसरी बसली. दोन-चार फेरे नुसती घरघर झाली. मग त्या लयीवर ओवी आली. आधी माहेराची, भावाची आणि मग हळूच मरणाची.

अहेवपणी मरण यावं, हातात हिरवा चुडा असावा, भावानं शेवटची साडी आणावी, ही मागणी जात्यावरच्या ओव्यांत वारंवार येते. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून लाखावर ओव्या गोळा करवल्या, त्यांतही ती भेटते. आपल्या आज्या-पणज्या शेवटची इच्छा उघड बोलत होत्या. बोलायला त्यांना जातं लागायचं, इतकंच.

पिठाच्या गिरण्या आल्या आणि ती जागा गेली. मरण दवाखान्यात गेलं. आम्ही काही मित्र-मैत्रिणी ओवी आणि नाटक घेऊन गावोगाव बसतो, ते ही जागा पुन्हा करून द्यायला. माझे वडील अकरा दिवस व्हेंटिलेटरवर होते. आम्ही तिघं भावंडं दाराबाहेर भांडत होतो आणि त्यांना काय हवं होतं, हे तिघांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं. ती बोच अजून गेलेली नाही.

आम्ही आक्कांना म्हटलं, “आता दवाखान्याची ओवी घाला.” त्या हसल्या. जातं फिरत राहिलं आणि दोन फेऱ्यांत शब्द जुळले: नळ्या, काचेचं दार, बाहेर ताटकळलेला लेक. ओवी संपल्यावर त्या साध्या बोलीत म्हणाल्या, “पोरं पुण्याला न्हेतील, नळ्या घालतील. मला न्हाई चालायचं. मला ह्या सोप्यातच ऱ्हाऊ द्या.”

दारात उभा असलेला मुलगा चमकला. “आई, असं अभद्र बोलू नगंस.”

“ओवीत चाललं, मग आता अभद्र कसं रं?”

तो खाली बसला. पुढचा अर्धा तास मायलेक बोलत होते आणि आम्ही पीठ भरत होतो.

सांगलीत रीत वेगळी. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली जिथं ‘सीतास्वयंवर’ उभं केलं, त्या गावाला नाटक समजावून सांगावं लागत नाही. एका छोट्या सभागृहात मधोमध खाट ठेवली. एक मुलगी त्यावर पडून राहिली, डोळे उघडे, नजर छताला. तिच्यासाठी नियम एकच: कशालाही प्रतिसाद द्यायचा नाही. बाकीच्यांनी एकेक करून जवळ जायचं, कुणी लेक होऊन, कुणी नर्स, कुणी नवरा. स्वतःच्या घरातलं सांगायचं नाही, पात्राचं सांगायचं. नर्स झालेली बाई काही बोललीच नाही. तिनं फणी घेतली, गुंता सोडवला आणि सावकाश वेणी घातली. सभागृहात कुणी हललं नाही.

मग आमच्यातल्या डॉक्टरांनी नीट उलगडून सांगितलं. कोमात डोळे मिटलेले असतात आणि ही अवस्था सहसा काही आठवड्यांपलीकडे टिकत नाही. त्यानंतर काही जण शुद्धीवर येतात, काही दगावतात आणि काहींचे डोळे उघडतात, झोप-जागेचं चक्र सुरू होतं, पण भान परतत नाही. मेंदूमृत्यू याहून वेगळा, अवयव प्रत्यारोपणाच्या कायद्यानुसार तो मृत्यूच. मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या नर्स अरुणा शानबाग यांच्यावर नोव्हेंबर 1973 मध्ये हल्ला झाला. त्यानंतर 18 मे 2015 पर्यंत त्या डोळे उघडे, पण भान नाही अशा अवस्थेत जगल्या आणि त्यांच्या सहकारी परिचारिकांनी त्यांना सांभाळलं. त्यांच्यावर ‘कथा अरुणाची’ हे मराठी नाटकही आलं. उपचार थांबवायची मागणी सर्वोच्च न्यायालयानं 2011 साली फेटाळली, पण त्याच निकालानं निष्क्रिय दयामरणाची, म्हणजे उपचार थांबवून मरण येऊ देण्याची, वाट काही अटींवर खुली केली.

हे ऐकताना निवृत्त शिक्षक असलेले एक तात्या उठले. “ते पात्र राहू द्या,” म्हणाले, “माझी बायको दोन वर्षं अशीच होती.” घरातलं सांगायचं नाही, हा नियम तिथंच मोडला. तो मोडावा म्हणूनच तर आम्ही हे करतो. त्या संध्याकाळी तात्यांनंतर आणखी सात जण आपापल्या घरातलं बोलले. कुणाचंही मत खोडायचं नाही, एवढं आम्ही पाळलं. शेवटपर्यंत सगळे उपचार हवेत म्हणणाऱ्या काकीही होत्या आणि त्यांचं म्हणणंही तितक्याच आदरानं ऐकलं गेलं.

इच्छा बोलली की ती कागदावर उतरवताही येते. सर्वोच्च न्यायालयाच्या 9 मार्च 2018 च्या निकालानं सज्ञान, शुद्धीतल्या माणसाला उपचारांविषयीच्या पूर्व-इच्छापत्राचा हक्क दिला. तेव्हा न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागायची. 24 जानेवारी 2023 पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे आहेत. आपल्या वतीनं निर्णय कुणी घ्यायचा, त्याचं नाव त्यात घालता येतं. वेळ आली तरी उपचार थांबवण्याआधी डॉक्टरांच्या दोन मंडळांनी परिस्थिती तपासायची असते. इंजेक्शन देऊन मरण आणायला मात्र कायदा आजही परवानगी देत नाही.

कागद नंतर करा. आधी घरातल्या थोरांना एखादी ओवी, एखादं नाटक आठवतं का, ते विचारा आणि तिथून बोलायला लागा. आम्ही बाबांना ते हयात असताना विचारलं नाही. तुम्ही विचारा.