अकरा मासे आणि एक गणित

"बाई, तुम्ही समुद्रावर मासे धरायला गेलात आणि अकराच मासे घेऊन आलात? मग त्यात सांगण्यासारखं काय?"

बालमित्रांनो, हा प्रश्न मला आमच्या पाचवीच्या वर्गात पहिल्या बाकावरून आला. आमची शाळा घाटावरची, कोल्हापूर जिल्ह्यातली. वर्गातल्या बऱ्याच मुलांनी समुद्र फक्त चित्रात पाहिलेला. सुट्टीनंतर "बाई माहेरी गेल्या होत्या, होडीतून मासे धरून आल्या" ही बातमी पसरली आणि सगळ्यांना वाटलं, आता टोपलीभर माशांची गोष्ट ऐकायला मिळणार. निघाले अकरा! पण मुलांनो, ही गोष्ट माशांची नाहीच. ही वाऱ्याची गोष्ट आहे.

माझं माहेर देवबाग. सिंधुदुर्ग जिल्ह्यात, मालवण तालुक्यात. नकाशात पाहाल तर जमिनीची एक चिंचोळी पट्टी दिसेल. तिच्या पश्चिमेला अरबी समुद्र आणि पूर्वेला कर्ली नदी. पट्टीच्या दक्षिण टोकाला नदी समुद्राला मिळते. पलीकडच्या तीरावर भोगवे गाव. माझे बाबा आयुष्यभर मासेमारी करत आले, आता माझा भाऊ करतो. त्याची होडी छोटीशीच, मागे यंत्र लावलेली.

२०२५ सालचा जानेवारी. संक्रांतीच्या आधीचा रविवार, तारीख १२. माझा मुलगा आठवडाभर मामाच्या मागे लागला होता, "मामा, मला होडीतून ने." शेवटी मामा कबूल झाला. होडीत आम्ही पाच जण. भाऊ, मी, मुलाचे बाबा, मुलगा आणि सातवीत शिकणारी माझी भाची. प्रत्येकाच्या अंगात लाईफ जॅकेट. मुलगा म्हणाला, "मला पोहता येतं." मामा म्हणाला, "मलाही येतं. तरी मी घातलंय ना?" विषय संपला.

निघण्याआधी भावाने भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे बोट दाखवलं. "आज तिथी काय?" भाची म्हणाली, "चतुर्दशी." "मग भरती किती वाजता?" तिने क्षणात उत्तर दिलं, "साडेदहा!"

माझा मुलगा बघतच राहिला. तुम्हीही करून पाहा, सोपं आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची. चतुर्दशी म्हणजे १४. चौदाची पाऊणपट साडेदहा. म्हणजे सकाळी आणि रात्री साडेदहाच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणून सहाच्या सुमाराला भरती. हा अंदाज आहे, जागेप्रमाणे थोडं पुढेमागे होतं. पण आमच्या किनाऱ्यावरच्या आज्यापणज्यांनी घड्याळ नसतानाही याच हिशेबावर होड्या हाकल्या. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी पूर्ण होते, हे तुम्ही भूगोलात शिकलाच असाल.

"साडेदहाच्या आत आपण मुखातून आत यायचं," भाऊ म्हणाला. नदी समुद्राला मिळते त्या तोंडाला आमच्याकडे मुख म्हणतात. त्याचा हा हट्ट का, ते पुढे कळेलच.

सहा वाजता निघालो तेव्हा अंधारच होता. थंडी चांगलीच होती. वारा पाठीमागून, जमिनीवरून समुद्राकडे वाहत होता. हाच तो मतलई वारा. रात्री जमीन लवकर थंड होते, पाणी मात्र ऊब धरून ठेवतं. पाण्यावरची हवा उबदार आणि हलकी, म्हणून वर जाते आणि तिची जागा घ्यायला जमिनीवरची गार हवा समुद्राकडे धावते. दिवसा उलटं होतं. जमीन तापते आणि वारा समुद्रावरून जमिनीकडे येतो. तो खारा वारा. शिडाच्या होड्यांच्या काळात कोळी पहाटे मतलई वाऱ्यावर बाहेर पडायचे आणि दुपारी खाऱ्या वाऱ्यावर घरी यायचे. फुकटचं इंजिनच म्हणा ना!

मुखातून बाहेर पडलो. समुद्र कसा, तर ताटात ओतलेल्या पाण्यासारखा. भावाने बांगड्याचं जाळं सोडलं. वरच्या दोरीला तरंगणारी बुचं, खालच्या दोरीला शिशाचे तुकडे, त्यामुळे जाळं पाण्यात पडद्यासारखं उभं राहतं. बांगडे थव्याने फिरतात. थवा आला आणि जाळ्यात शिरला, तर नशीब उघडलं! जाळं पाण्यात असेपर्यंत आम्ही गरवायला बसलो. गरवणं म्हणजे दोरीला गरी बांधून, तिला कोळंबीचा तुकडा लावून मासे धरणं. भाचीच्या बोटांना दोरीची भाषा येत होती. "थांब, आता नुसता चाखतोय... आता ओढ!" आणि माझ्या मुलाने आयुष्यातला पहिला मासा वर ओढला. बोटभर लांबीचा लालसर मासा, पण त्याचं तोंड असं काही उजळलं की काय सांगू! मुलाचे बाबा मात्र डोळे मिटून होडीच्या कडेला धरून बसले होते. त्यांना बोट लागली होती.

पावणेनऊ झाले असतील. मतलई वारा पडला. अगदी सगळं स्तब्ध. मला वाटलं, छान! पण भाऊ उठून उभा राहिला आणि उत्तरेकडे बघू लागला. दूर पाण्यावर एक काळपट रेघ दिसत होती.

"ती रेघ म्हणजे काय?" मुलाने विचारलं.

"वारा," भाची म्हणाली. "वारा पाण्यावर आला की बारीक सुरकुत्या पडतात. मग ते पाणी काळं दिसतं. रेघ जवळ आली म्हणजे वारा जवळ आला."

उत्तरेकडून येणाऱ्या त्या वाऱ्याला आमच्याकडे उपरचा वारा म्हणतात. थंडीच्या दिवसांत तो कधीकधी असा अचानक येतो. दहा मिनिटांत तो आमच्यापर्यंत पोचला. आधी गार झुळूक, मग दोरीचा सुंसुं आवाज, मग लाटांच्या डोक्यावर फेसाचे पांढरे तुरे. होडी डुलायची ती आता आपटायला लागली.

"ताई, हो वारो बरो नाय. मी जाळा वोडतंय," भाऊ म्हणाला.

आणि मुलांनो, आता एक कबुली देते. त्याच वेळी माझ्या मुलाच्या गरीला दुसरा मासा लागला होता. जाळ्याच्या टोकालाही दोनचार बांगडे चमकताना दिसत होते. थवा आला होता! मी म्हणाले, "अरे, अजून पंधरा मिनिटं थांबूया की! मुलं एवढ्या हौसेने आलीत."

भावाने उत्तरच दिलं नाही. तो जाळं ओढत राहिला. भाची माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "आत्या, पप्पा आता बोलूचे नाय." मला थोडा रागही आला. मी मोठी बहीण, शाळेत पन्नास मुलांना गप्प बसवणारी; आणि हा माझं ऐकतसुद्धा नाही! पण होडीत मोठी बहीण नसते. होडीत तांडेल असतो. आणि तांडेल तो होता.

परत फिरलो. लाटा आता मागच्या बाजूने येत होत्या. मागून येणारी लाट होडीला ढकलते, आणि होडी जर आडवी झाली तर उलटू शकते. भाऊ यंत्राच्या दांड्यावरचा हात क्षणभरही सैल करत नव्हता. मुखाजवळ आल्यावर त्याने वेग कमी केला आणि चक्क थांबला. मला कळेना. तो लाटा मोजत होता. मोठ्या लाटा गटाने येतात, मग थोडा वेळ लहान लाटा असतात. एक मोठी लाट पुढे गेली तशी त्याने यंत्र वाढवलं आणि तिच्या पाठोपाठ होडी मुखातून आत घातली. फेसाचा एक फटकारा आम्हा सगळ्यांच्या अंगावर आला. माझ्या मुलाने माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटांचे वळ संध्याकाळपर्यंत दिसत होते. आणि एकदम पाणी शांत. आम्ही नदीत होतो. घड्याळात दहाला दहा मिनिटं कमी होती.

काठावर बाबा उभे होते. पावणेनऊला सुरूच्या झाडांचे शेंडे हलताना पाहून ते घरातून निघाले, ते तासभर तिथेच उभे. त्यांनी टोपलीत डोकावून विचारलं, "किती गावले?"

"अकरा," मुलगा हिरमुसून म्हणाला. नऊ बांगडे आणि गरीचे दोन.

"आणि माणसां किती परत इली?"

"पाच."

"मगे गणित बरोबर आसा," बाबा म्हणाले आणि टोपली उचलून चालू लागले.

दुपारी एक वाजता भावाने आम्हाला मुद्दाम वाळूच्या टोकावर नेलं. सकाळी जिथून आम्ही आत आलो, तिथे पांढऱ्या फेसाची भिंत उभी होती! कारण ऐका. साडेदहानंतर ओहोटी लागली. नदीचं पाणी जोराने समुद्राकडे निघालं आणि वाऱ्याने ढकललेल्या लाटा समोरून आत येत होत्या. लाट आणि प्रवाह समोरासमोर आले की लाटांमधलं अंतर कमी होतं, उंची वाढते, लाट उभीच्या उभी राहते आणि फुटते. त्यात मुखाजवळ वाळूचा उथळ बांध. आमची होडी तिथे असती तर? मी काही बोलले नाही. भाऊही बोलला नाही. माझी पंधरा मिनिटं मात्र मला आठवली. पंधरा मिनिटांनी कदाचित काही बिघडलं नसतं. पण पंधराची तीस होतात आणि तिसाचा तास, हे तुम्हाला सकाळी अंथरुणातून उठताना माहीत असतंच!

शेजारची एक होडी त्या दिवशी उशिरा परतली. तिने मुखात शिरायचं धाडस केलं नाही. ती सरळ दक्षिणेला निवतीकडे गेली आणि डोंगराच्या आडोशाला थांबली. माणसं संध्याकाळी एस.टी.ने घरी आली. कुणी त्यांना भित्रं म्हटलं नाही.

आता वाऱ्याची सूचना मोबाईलवर मिळते. हवामान खातं मच्छीमारांसाठी इशारे देतं आणि हैदराबादचं महासागर माहिती केंद्र लाटांचे अंदाज देतं. 'ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वेगाचे वारे, समुद्रात जाऊ नये' असे शब्द त्यात आले की जायचं नाही, एवढं साधं. २०१७ च्या डिसेंबरात ओखी चक्रीवादळाच्या वेळी केरळ-तमिळनाडूच्या कितीतरी बोटींनी आमच्या देवगड बंदरात आसरा घेतला होता. सूचना मिळणं आणि वेळेत आडोसा गाठणं, दोन्ही महत्त्वाचं. पण आमच्यासारख्या सकाळी अचानक उठलेल्या वाऱ्यासाठी डोळे उघडे ठेवणारा तांडेलच लागतो.

घरबसल्या वारा मोजा

फ्रान्सिस ब्यूफोर्ट या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने १८०५ मध्ये वाऱ्याची मोजपट्टी तयार केली. ती शून्यापासून बारापर्यंत आहे. उपकरण नको, नुसते डोळे हवेत!

० : धूर सरळ वर जातो.
३ : पानं सारखी हलतात, झेंडा फडकतो. वेग ताशी १२ ते १९ किलोमीटर.
४ : धूळ आणि कागद उडतात, लहान फांद्या हलतात. ताशी २० ते २८ किलोमीटर. समुद्रावर बऱ्याच लाटांना फेसाचे तुरे.
५ : लहान झाडं डोलतात. ताशी २९ ते ३८ किलोमीटर.
६ : मोठ्या फांद्या हलतात, छत्री सांभाळणं कठीण. ताशी ३९ ते ४९ किलोमीटर.

आणि हे लक्षात ठेवा, वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब दुप्पट नाही, चौपट होतो.

ही मोजपट्टी मी वर्गाच्या भिंतीवर लावली आहे. आमच्याकडे समुद्र नाही, पण शाळेसमोर पिंपळ आहे आणि झेंड्याचा खांब आहे. रोज एक मूल वाऱ्याचा आकडा फळ्यावर लिहितं. शेजारी तिथी, आणि तिची पाऊणपट करून देवबागची भरती. पहिल्या बाकावरचा तो प्रश्न विचारणारा मुलगा परवा म्हणाला, "बाई, आज पाच नंबरचा वारा आहे. तुमचा भाऊ गेला नसेल ना?"

मी त्याला बाबांचं वाक्य सांगितलं. निघताना माझा मुलगा रडवेला झाला होता, तेव्हा त्याच्या डोक्यावर हात ठेवून ते म्हणाले होते, "दर्या खंय पळान जाणा नाय रे. उद्या परत जाऊक गावतला."