ओळख पटली, पण परवानगी कोणी तपासली?



सायबर सुरक्षेत रिसर्च करायचं ठरवलं की पहिल्याच महिन्यात दोन शब्द भेटतात : ऑथेंटिकेशन आणि ऑथोरायझेशन. दिसायला जुळे भाऊ, म्हणून बरेच जण दोन्ही एकच समजतात. आज फरक नीट समजून घेऊ, कारण फाईल स्टोरेजमधल्या एका मोठ्या त्रुटीचं मूळ इथेच आहे.

एसटीच्या पासचं उदाहरण

समजा तुमच्याकडे हिवरा आश्रम ते मेहकर असा विद्यार्थी पास आहे. कंडक्टर फोटो बघतो, चेहरा बघतो. पास तुमचाच आहे हे पटलं, हे झालं ऑथेंटिकेशन. पण तुम्ही बसलात चिखलीच्या गाडीत. पास त्या मार्गावर चालतो का, हे बघणं म्हणजे ऑथोरायझेशन. फोटो बघून कंडक्टर पुढे निघून गेला, मार्ग वाचलाच नाही, तर ती झाली 'मिसिंग ऑथोरायझेशन'. सुरक्षा त्रुटींच्या सीडब्ल्यूई यादीत हिचा क्रमांक ८६२ आहे. ओळखच विचारली नाही, तर ती वेगळी त्रुटी, क्रमांक ३०६.

स्टोरेजमध्ये हे कसं घडतं?

डिपार्टमेंटमध्ये नेटवर्कला जोडलेला हार्ड डिस्कचा एक डबा असतो, ज्याला आपण नॅस म्हणतो. फाईल उघडणे, पुसणे, शेअर करणे, रिसेट करणे अशा प्रत्येक कामासाठी त्यात वेगळं फंक्शन असतं. प्रत्येक फंक्शनने स्वतः विचारायला हवं, 'या माणसाला हे काम करायची मुभा आहे का?' अनेकदा प्रोग्रामर ॲडमिनचं बटण साध्या युजरला दिसू देत नाही आणि काम झालं असं समजतो. पण बटण लपवलं तरी सर्व्हरवरचा पत्ता चालूच असतो. तो माहीत असलेला माणूस थेट विनंती पाठवू शकतो.

दोन खरी प्रकरणं

जून २०२१ मध्ये वेस्टर्न डिजिटलच्या 'माय बुक लाइव्ह' उपकरणांमधला लोकांचा डेटा अचानक पुसला गेला. कंपनीच्या खुलाशानुसार, २०११ मध्ये सगळ्या तपासण्या एकाच फाईलमध्ये हलवल्या गेल्या. फॅक्टरी रिसेटच्या फंक्शनमधली जुनी तपासणी बंद केली, पण नव्या यादीत त्याची नोंद करायची राहिली. काटेकोर बोलायचं तर ही ३०६ ची त्रुटी. पण धडा तोच : एक नोंद सुटली आणि दहा वर्षं कोणाच्या लक्षात आली नाही.

दुसरं प्रकरण आपल्या राज्याचं. एक्स-रे, सीटी स्कॅन, एमआरआय यांच्या प्रतिमा पॅक्स नावाच्या सर्व्हरवर साठवतात आणि डायकॉम या पद्धतीने पाठवतात. डायकॉममध्ये समोरचं यंत्र आपलं एक नाव सांगतं, त्याला एई टायटल म्हणतात. ते फक्त नाव आहे, पासवर्ड नव्हे. असा सर्व्हर उघड्या इंटरनेटवर ठेवला की काय होतं, हे ग्रीनबोन या जर्मन कंपनीने तपासलं. फेब्रुवारी २०२० मध्ये भारतात आलेल्या बातम्यांनुसार उघड्या नोंदींमध्ये महाराष्ट्र देशात पहिला होता : ३,०८,४५१ नोंदी आणि ६ कोटी ९७ लाखांहून जास्त प्रतिमा. पासवर्ड बदलता येतो. तपासणीचा इतिहास कसा बदलणार?

रिसर्चचा प्रश्न कुठे आहे?

चुकीची ओळ शोधणं त्यामानाने सोपं, कारण ती कोडमध्ये असते. इथे चूक म्हणजे *नसलेली* ओळ. जे लिहिलंच नाही ते टूलला कसं दिसणार? एक मार्ग म्हणजे तुलना. फाईलला हात लावणाऱ्या दहापैकी नऊ फंक्शन आधी परवानगी तपासत असतील, तर दहाव्यावर संशय घ्या. २००८ च्या युसेनिक्स सिक्युरिटी परिषदेतला 'ऑटोआयसेस' हा पेपर याच कल्पनेवर आहे, त्यात लिनक्स कर्नलच्या कोडमधूनच नियम काढले आहेत. पण दहाही फंक्शन सारखीच चुकत असतील तर? तिथे तुमच्या थीसिसला जागा आहे.

स्वतः करून बघा

व्हर्च्युअल मशीनवर नेक्स्टक्लाऊड टाका आणि दोन युजर बनवा. वहीत तक्ता आखा : आडव्या रकान्यात कामं, उभ्यात युजर. प्रत्येक चौकटीत 'हो' किंवा 'नाही' आधी लिहा. मग पहिल्याच्या फाईलची विनंती दुसऱ्याच्या लॉगिनमधून पाठवा आणि उत्तर जुळवा. स्क्रीनवर काय दिसतं ते सोडा, सर्व्हर काय उत्तर देतो ते बघा.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. हे प्रयोग स्वतःच्याच मशीनवर किंवा मालकाच्या लेखी परवानगीनेच करायचे. दुसऱ्याच्या सिस्टिममध्ये विनापरवानगी शिरणं हा माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ आणि ६६ खाली येणारा विषय आहे, 'अभ्यासासाठी केलं' म्हणून सुटका होत नाही. सहज काही उघडं दिसलं, तर फाईल डाऊनलोड न करता सर्ट-इनला कळवा.

परवानगी न तपासणाऱ्या सिस्टिमवर रिसर्च करणाऱ्याने तरी परवानगी घेतलीच पाहिजे!