उजनीकाठचा वाहनधूर: 2000 ते 2024

उजनी धरणाकाठच्या गावांत वाहनांचा धूर कमी करणारे तंत्रज्ञान एका झटक्यात आले नाही. 2000 च्या सुरुवातीला शिसेयुक्त पेट्रोल देशभर बंद झाले. या सगळ्या काळातला सर्वांत निखळ लाभ हाच.  पुढचे टप्पे असे सरळ नव्हते. एप्रिल 2010 मध्ये वाहनांच्या धुराचे भारत स्टेज-4 (बीएस-4) मानक आधी 13 शहरांत लागू झाले, त्यांत मुंबई-पुण्याच्या पंगतीला सोलापूरही होते. बाहेर त्याच वर्षी बीएस-3 आले. शहरातल्या डिझेलमध्ये गंधकाची मर्यादा दहा लाखांत 50 भाग, बीएस-3 डिझेलमध्ये 350. पुणे-सोलापूर महामार्गावरचा ट्रक मिळेल ते भरून पुढे जाई, त्यामुळे शहराभोवतीच्या या कुंपणाला फारसा अर्थ नव्हता. एप्रिल 2017 मध्ये बीएस-4 देशभर झाले आणि हे कुंपण मोडले.

एप्रिल 2020 च्या बीएस-6 मध्ये गंधक 10 भागांवर आले. डिझेल मोटारीला नायट्रोजन ऑक्साइडची मर्यादा किलोमीटरला 0.25 ग्रॅमवरून 0.08 झाली. काजळी अडवणारी जाळी सायलेन्सरच्या वाटेत बसली; मोठ्या गाड्यांत युरियाचे द्रावण गरम धुरात फवारले जाऊ लागले. जाळीतली काजळी जळून जायला मात्र गाडी बराच वेळ वेगात पळावी लागते. महामार्गावर ते आपोआप होते. कंदरहून जवळच्या टेंभुर्णीचा बाजार करून परतणाऱ्या गाडीची जाळी तुंबते, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि ती साफ करायला जादा डिझेल जळते.

गळीत हंगामात दोन ट्रॉल्या ऊस ओढणारा ट्रॅक्टर या नियमांत बसतच नाही. त्याचे मानक वेगळे. 50 अश्वशक्तीवरच्या नव्या ट्रॅक्टरांसाठी ते जानेवारी 2023 मध्ये कडक झाले, त्याखालचे जुन्याच मानकावर राहिले. हंगामातला काळा धूर याच फटीतूनही येतो.

कार्बन डायऑक्साइडवर यांतल्या कोणत्याही उपकरणाचा इलाज नाही. तो इथेनॉलकडून अपेक्षित होता. पेट्रोलमध्ये ते मिसळण्याचे पहिले प्रयोग 2001 मध्ये मिरज आणि मनमाडला झाले. जून 2022 पर्यंत देशात दहा टक्क्यांचा टप्पा गाठला गेला. वीस टक्के मिश्रणाने मोटारींतला कार्बन मोनॉक्साइड सुमारे 30 टक्के घटतो, असे नीती आयोगाचा 2021 चा आराखडा सांगतो. उसापासूनच्या एका लिटर इथेनॉलला सुमारे 2,860 लिटर पाणी लागते, हेही तोच सांगतो. उजनीकाठी हा दुसरा आकडा जड ठरतो, कारण इथला ऊस धरणाच्याच पाण्यावर उभा आहे. 2023 चा पावसाळा हुकला आणि 2024 च्या उन्हाळ्यात उजनीचा उपयुक्त साठा उणे 60 टक्क्यांच्या जवळ गेला, म्हणजे मृत साठ्यातलेही पाणी उपसले गेले. दरम्यान, साखर कमी पडेल या धास्तीने केंद्राने डिसेंबर 2023 मध्ये उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलवर निर्बंध घातले होते. ऑगस्ट 2024 मध्ये धरण भरले, आणि त्याच महिन्यात पुढच्या हंगामासाठी ते निर्बंधही उठले.