मृगाला झाका, दसऱ्याला काढा!

मैत्रिणींनो, मे महिना संपत आला की आपली कोण धांदल उडते! लोणच्याच्या बरण्यांना दादरे बांधायचे, कुरडया-पापड डब्यांत भरायचे, ज्वारीला कडुनिंबाचा पाला घालायचा, ठेवणीतल्या साड्या ऊन देऊन मलमलीत गुंडाळायच्या. मृगाच्या आत काय झाकून ठेवायचं हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. पण दारात उभी असलेली जुनी मोटार? "ते पुरुषांचं काम," म्हणून आपण तिकडे बघतही नाही. मीही बघत नव्हते. त्याची किंमत आमच्या घरानं चांगलीच मोजली, म्हणून हा लेखनप्रपंच.

आमची गाडी म्हणजे १९७४ सालची फियाट. मामंजींनी ती १९८१ साली जुनीच विकत घेतली होती. नांदेडच्या घरी दर दसऱ्याला तिला झेंडूचा हार पडायचा. २०२२ च्या उन्हाळ्यात मामंजी गेले. आम्ही नोकरीनिमित्त लातूरला, सासूबाई आमच्याकडे आलेल्या. निघताना ह्यांनी हँडब्रेक करकचून ओढला, वरून प्लास्टिकची ताडपत्री घट्ट बांधली आणि झालं! आपण फार काळजी घेतली, असंच आम्हाला वाटत होतं.

दिवाळीला लोहा-अहमदपूरच्या रस्त्यानं नांदेडला गेलो आणि ताडपत्री काढली, तर आतून कुबट वासाचा भपकारा! सीटवर पांढरी बुरशी, उंदरांनी कापूस उकरून घरटं केलेलं, वायरी कुरतडलेल्या, मागची चाकं जागच्या जागी जाम. भंगारवाला अंगणात येऊन वजनाचा भाव सांगून गेला. हे जवळजवळ 'हो' म्हणणार, तेवढ्यात ओट्यावरून सासूबाई बोलल्या, "गाडी काही आपोआप सडली नाही रे, आपण सडू दिली. माणूस गेलं की त्याच्या वस्तूचं बी असंच करायचं का?" कोणालाच उत्तर सुचेना. भंगारवाला रिकाम्या हातानं परत गेला.

त्या दुरुस्तीत माझ्या शिकवण्यांचे सहा महिन्यांचे पैसे गेले. पण मेकॅनिकशेजारी उभी राहून मी एकेक गोष्ट वहीत उतरवून घेतली. तीच वही आज तुमच्यापुढे उघडते आहे.

आपला 'हिवाळा' पावसाळ्यात येतो

युरोप-अमेरिकेत जुन्या हौशी गाड्या थंडीत झाकून ठेवतात. कारण बर्फ वितळावा म्हणून तिथं रस्त्यांवर मीठ टाकतात आणि मिठानं पत्रा खातो. आपल्या मराठवाड्यात उलटं आहे. थंडी हाच गाडी फिरवायचा उत्तम काळ. शत्रू आहे तो पावसाळ्यातली दमट हवा आणि काळ्या मातीतली ओल. म्हणून आमच्या घरचा नियम साधा आहे: मृगाला झाकायची, दसऱ्याला काढायची.

आणि या गाड्या जपायच्या तरी कशाला? तर सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात या फियाट तयार झाल्या. पुढं १९७४ पासून त्यांना 'प्रीमियर पद्मिनी' हे नाव मिळालं. गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहायचे ते दिवस. मुंबईच्या रस्त्यांवरची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ मध्ये थांबली. आता ज्या उरल्यात, त्या घराघरांतच.

झाकण्यापूर्वी

गाडी धुऊन, विशेषतः चाकांवरच्या मडगार्डच्या आतला चिखल खरवडून काढा. तिथंच ओल धरते आणि गंज लागतो. मग दोन दिवस कडक ऊन द्या आणि पॉलिश करा.

इंजिन ऑइल ठेवण्यापूर्वीच बदला, काढल्यावर नव्हे. वापरलेल्या ऑइलमध्ये आम्ल आणि पाण्याचा अंश असतो. तो चार महिने आतल्या भागांना खात बसतो. रेडिएटरमध्ये बोअरचं जड पाणी कधीही घालू नका. चहाच्या पातेल्याला आतून बसतो ना, तसाच पांढरा थर तिथंही बसतो. कूलंट घाला.

पेट्रोलची टाकी भरलेली असावी. रिकाम्या टाकीत दमट हवा शिरते आणि आतून गंज चढतो. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि जुन्या रबरी नळ्या खराब करतं. म्हणून इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या एकदा बसवून घ्या, आणि कार्बोरेटरमधलं पेट्रोल मेकॅनिककडून काढून घ्या. नाहीतर ते वाळून आत चिकट राळ धरते.

बॅटरी काढून घरात, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा कोरड्या जागी ठेवा. काढताना आधी वजा खुणेची वायर सोडवावी. महिन्यातून एकदा चार्ज करावी. पाणी घालायचं तर डिस्टिल्डच.

झाकताना

हँडब्रेक ओढू नका! आमची मोठी चूक ती हीच. ब्रेकची पट्टी ड्रमला चिकटून बसते. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना दोन्हीकडून विटा लावाव्यात. टायरमध्ये नेहमीपेक्षा थोडी जास्त हवा भरा, नाहीतर एकाच जागी दबून ते चपटे होतात. महिन्यातून एकदा गाडी हातभर पुढं-मागं ढकलली तरी चालतं.

प्लास्टिकची ताडपत्री थेट अंगावर घालू नये. आत वाफ कोंडते आणि गाडी घामेजते. वर पक्कं छप्पर असेल तर जुन्या सुती चादरी शिवून केलेलं झाकण सगळ्यांत उत्तम. खाली फरशी किंवा कोबा हवा, नुसती माती नको. काचा बोटभर उघड्या ठेवा आणि त्या फटीला बारीक जाळी लावा. आत एका टोपलीत लोणारी कोळसा ठेवावा, तो दमट वास ओढून घेतो. सीटवर डांबराच्या गोळ्या फडक्यात बांधून ठेवाव्यात.

उंदरांसाठी विष मात्र नको. मेलेला उंदीर आतच राहिला तर वास महिनाभर जात नाही. पिंजरा लावा. सायलेन्सरच्या तोंडात फडक्याचा बोळा घाला आणि त्याची आठवण राहावी म्हणून स्टिअरिंगला लाल फीत बांधा. गाडीत बिस्किटाचा चुरासुद्धा राहता कामा नये.

गोदाकाठी राहणाऱ्यांनी गाडी उंचावर ठेवावी. २०२५ च्या पावसाळ्यात मराठवाड्यात आलेले पूर आपण विसरलेलो नाही. गाडीत पाणी शिरलंच, तर किल्ली फिरवू नका. आधी मेकॅनिकला बोलवा.

आणि एक सर्वांना चकवणारी गोष्ट. "दर रविवारी पाच मिनिटं इंजिन चालू करतो," असं कौतुकानं सांगतात. त्यानं नुकसानच होतं बरं का! इंजिन पुरतं तापत नाही आणि आत धरलेलं पाणी तसंच राहतं. एक तर दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणा, नाहीतर अजिबात चालू करू नका.

दसऱ्याला काढताना

लगेच किल्ली फिरवायची घाई नको. आधी लाल फीत पाहून बोळा काढा. मग वायरी, ऑइल, कूलंट, टायर, ब्रेक हे सगळं बघा. पहिली फेरी गल्लीतच, हळू.

कागदपत्रंही तपासा. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये 'व्हिंटेज' नोंदणीची वेगळी सोय झाली. तिचं पहिलं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. पण अशी गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. आम्ही साधीच नोंदणी ठेवली आहे.

शेवटी एक मनातलं सांगते. आठवण म्हणून वस्तू ठेवायची आणि तिच्याकडे ढुंकून पाहायचं नाही, याला जपणं म्हणत नाहीत. तुम्हाला खरंच वेळ नसेल तर ती गाडी जीव लावणाऱ्याच्या हाती द्या. त्यात कमीपणा नाही.

आमची फियाट आता लातूरला आहे. स्टिअरिंगखालचा गिअर टाकायला मीही शिकले. गेल्या दसऱ्याला हार घातल्यावर सासूबाई पुढच्या सीटवर येऊन बसल्या, खिडकीच्या काचेवरून त्यांनी पदर फिरवला आणि म्हणाल्या, "चल गं, एक चक्कर मारून आणू."

यंदा मृग लागायच्या आत तुम्हीही दारातल्या गाडीभोवती एक फेरी मारा, आणि हो, आधी तो हँडब्रेक बघा!