पूर उतरताना

कऱ्हाडला कोयना मिळाली की कृष्णेचं अंग भरतं. तिथून सांगलीपर्यंत ती सपाट काळ्या रानांतून वळणं घेत जाते. यातलं कुठलंही वळण नीट पाहायचं तर पावसाळा सरल्यावर, पाणी खाली बसल्यावर जावं. बाहेरच्या काठाला उभी दरड असते. वर काळी माती, तिच्याखाली पिवळट, रेताड थर. बोट लावलं तरी झरणारा. पाणी आधी हाच थर पोखरतं. वरची काळी माती काही दिवस अधांतरी राहते आणि उसाच्या शेवटच्या सरीची मुळं हवेत लोंबताना दिसतात.

समोरचा, आतला काठ वेगळाच. उतार इतका हलका की पाय पाण्यात कधी गेले ते कळत नाही. पाण्यालगत गोटे आणि जाड वाळू, त्यावर बारीक वाळू आणि सगळ्यात वर पोयटा. हीच मळीची जमीन. कृष्णाकाठच्या वांग्याची चव या पोयट्याची आहे.

एकच नदी एका काठाला खाते आणि दुसऱ्याला देते, ते कसं? आइनस्टाइननं 1926 साली यावर एक छोटा लेख लिहिला आणि चहाच्या कपाचं उदाहरण घेतलं. कपातलं पाणी चमच्यानं ढवळून थांबा. चहाची पत्ती कडेला न जाता तळाशी मधोमध जमते. वरचं पाणी वेगात असतं म्हणून बाहेर रेटलं जातं. तळाचं पाणी घासून मंदावलेलं असतं, ते आत वळतं आणि पत्ती घेऊन येतं. वळणावर नदी हेच करते. वरचा जोरकस प्रवाह बाहेरच्या काठावर आदळून खाली जातो, तिथे डोह पडतो. तळाचा प्रवाह वाळू ओढत आतल्या काठाकडे नेतो.

काठावरचे शेतकरी मात्र आणखी एक गोष्ट सांगतात, ती मला जास्त मोलाची वाटते: पूर चढताना भ्यायचं नाही, उतरताना भ्यायचं. कारण अगदी खरं आहे. पूर असतो तोवर पाण्याचाच दाब दरडीला धरून ठेवतो. पाणी झपाट्यानं उतरलं की भिजून जड झालेली माती आधाराविना उरते आणि तासाभरात गुंठाभर रान नदीत बसतं. ती माती वाया जात नाही. बरीचशी खालच्या अंगाला, त्याच बाजूच्या पुढच्या आतल्या काठावर जाऊन बसते. म्हणजे वळणावर नदी नुसती रुंद होत नाही, ती सरकते. आणि धूप वळणाच्या माथ्यापेक्षा थोडी पुढे जास्त होते म्हणून वळण खालच्या दिशेनंही चालतं.

सरकता सरकता दोन वळणं एकमेकांना भिडली की नदी मधली चिंचोळी पट्टी फोडते आणि जुनं वळण नालाकृती सरोवर होऊन मागे राहतं. 1876 साली मिसिसिपीनं असंच वळण तोडलं आणि व्हिक्सबर्ग हे बंदराचं शहर बाजूला पडलं. आपल्या दख्खनच्या नद्यांच्या तळाशी ठिकठिकाणी काळा पाषाण लागतो, त्यामुळे इथे हे सगळं फार सावकाश चालतं.

सावकाश चालतं म्हणून ते नाहीच, असं धरून आपण ओढ्या-नाल्यांचं सरळीकरण करत सुटलो आहोत. वळण काढलं की वाट आखूड होते, उतार वाढतो, पाण्याला वेग येतो; तळ खरवडला जातो आणि खालच्या गावात पूर लवकर पोचतो. अमेरिकेत फ्लोरिडातली किसिमी नदी 1960 च्या दशकात कालव्यासारखी सरळ केली. दलदली सुकल्या, पक्षी गेले. पुढे 1999 पासून 2021 पर्यंत खर्च करून तिची काही वळणं परत द्यावी लागली.

तुमच्या ग्रामसभेत सरळीकरणाचा ठराव आला, तर सही करण्याआधी एकदा त्या वळणावर चालून या. बाहेरच्या काठावर वाळा, करंज, वाळुंज लावायला जागा सोडा. आतल्या काठाची वाळू उपसू देऊ नका.